घाटातली मधली सीट

जगातले गाडी चालवण्याजोगे घाटरस्ते मला तोंडपाठ आहेत. इटलीतला स्टेल्व्हिओ, नॉर्वेतला ट्रोलस्टिगेन आणि रोमानियातला तो ट्रान्सफागाराशान, ज्याचं नाव नीट म्हणता यायला मला अख्खा उन्हाळा लागला. कुठं बर्फामुळे हिवाळाभर फाटक लावतात, कुठं प्रत्येक वळणाला दगडावर नंबर टाकलाय, कुठं गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आडव्या येतात, काहीही विचारा. आणि चिखलदऱ्याचा घाट, जो माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर आहे, तो मी पाहिला मागच्या सीटवर मधोमध बसून, हातात पिशवी धरून. पिशवीत काय होतं ते पुढं येईलच. घाईनं सांगण्यासारखं ते नाही.

मी देवमन तायडे. अमरावतीत बांधकाम खात्यात आरेखक होतो. आरेखक म्हणजे काय, हे लोकांना नेहमी समजावून सांगावं लागतं. साहेबांनी डोंगर पाहून यायचा आणि आम्ही तो कागदावर काढायचा. चिखलदऱ्याच्या घाटातली काही वळणं रुंद करायची ठरली तेव्हा त्यांचे नकाशे माझ्या टेबलावर झाले. चढ किती, वळणाचा बाक किती, बाहेरची कड किती उचलायची म्हणजे गाडी दरीकडे ओढली जाणार नाही, सगळं माझ्या हातून कागदावर उतरलं. जागेवर जायला जीप असायची. जीपमध्ये साहेब, साहेबांचे पाहुणे आणि पाहुण्यांचे डबे. आरेखकाला जागा काही झाली नाही. "तुम्ही काय करणार येऊन तायडे, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे," असं साहेब म्हणायचे, आणि मी मूर्ख, त्याला कौतुक समजायचो.

निवृत्त झालो, घरच्या टीव्हीत इंटरनेट आलं आणि मी रोज जेवण झाल्यावर एक एक घाट चढायला लागलो. माझी बायको संध्या शेजारी बसून मेथी निवडायची. स्टेल्व्हिओच्या वळणावर तिनं एकदाच मान वर केली आणि म्हणाली, "एवढ्या वर जाऊन पुन्हा खालीच उतरतात नं? मग कशाले जातात?" पण मला जायचं होतं. इटलीला नाही, तेवढी अक्कल मला आहे. मला माझ्या घाटात जायचं होतं, स्वतः गाडी चालवत, आणि मी काढलेल्या वळणावर स्वतःच्या हातानं स्टिअरिंग फिरवायचं होतं. एवढीच गोष्ट होती. या एवढ्या गोष्टीसाठी माणसाला किती लोकांशी सौजन्यानं वागावं लागतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गाडी घेतली, जुनीच, पांढरी. शेजारच्या भगवंतरावांनी चाकाला लाथ मारून पाहिली. भगवंतराव निवृत्त हेडमास्तर. बायको वारल्यापासून एकटेच राहतात, मुलं बंगलोरला, त्यामुळे आमच्या घरात काय चाललंय त्यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. "पांढरी काहून घेतली जी? धूळ दिसते," ते म्हणाले. मग बॉनेटवर थाप मारून, "अन् काळी घेतली असती तं तापली असती. बरं केलं तुमी." भगवंतरावांचा सल्ला असा असतो. त्यातून बाहेर पडायला आपल्यालाच वाट काढावी लागते.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथल्या गाडीत मास्तराच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी चौकातून छान गाडी काढली की मनातल्या मनात खूश व्हायचो, आणि मग लक्षात यायचं की मास्तराचा पाय सगळा वेळ दाबलेला होता. महिना संपला तरी गाडी मी चालवली की त्यानं, हे मला कळलं नाही. मास्तर म्हणाला, "काका, तुमचा कंट्रोल चांगला हाय." कोणाचा कंट्रोल, ते त्यानं सांगितलं नाही.

मग परवाना. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत संगणकावर तीव्र वळणाची खूण आली आणि विचारलं, ही खूण कशाची? आता मी जन्मभर वळणं काढलेला माणूस. मला त्या बाणाचा बाक बेढब वाटला. एवढ्या बाकात ट्रक बसणार नाही, असं मी तिथल्या बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "काका, ट्रकचं राहू द्या, उत्तर दाबा." तोवर वेळ संपली होती. मी त्याच प्रश्नावर नापास झालो. बाकी सगळी पोट्टी पास झाली, त्यातल्या एकाला तर मीच आदल्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं होतं.

दुसऱ्यांदा पास झालो, पण आता डॉक्टरचा दाखला पाहिजे. माझ्या पुढं रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या दाखल्यावर डॉक्टरनं मान वर न करता सही केली. माझा नंबर आला तेव्हा तो जेवायला गेला आणि त्याच्या खुर्चीत एक तरणा डॉक्टर येऊन बसला. नवाच लागलेला असावा. त्यानं मला चक्क तपासलं. डोळ्यांवर टॉर्च मारून बराच वेळ पाहत बसला आणि म्हणाला, "एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या." एवढ्या मोठ्या शहरात तो एक प्रामाणिक डॉक्टर नेमका माझ्याच वाट्याला यावा, याचा राग मी अजून गिळलेला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काचबिंदू आहे. समोरचं अगदी स्वच्छ दिसतं, पण बाजूचं हळूहळू मिटत येतं, आणि मिटलं ते परत उघडत नाही. थेंब दिले. मी गाडीचं विचारलं. बाई म्हणाल्या, "सध्या चालेल. दिवसाउजेडी, हळू, आणि शेजारी बाजूचं पाहून सांगणारं माणूस पाहिजे. दिवाळी झाल्यावर पुन्हा तपासू, मग चावीचं ठरवू." त्यांच्या बोलण्यावरून चावीचं काय ठरणार ते मला कळलं. परवाना मिळाला, पण दिवाळीपर्यंतच काय ते करून घ्यायचं होतं.

डोळ्याचं आम्ही कोणाला सांगितलं नाही. पुण्याला असलेल्या लेकीला, प्रियदर्शनीलाही नाही. ती लगेच येऊन गाडी विकून गेली असती. कॉलनीत सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून दारात गाजराची रीघ लागली असती.

पण संध्यानं मात्र कमाल केली. जिला घाट म्हणजे वर जाऊन पुन्हा खाली येणं एवढंच वाटायचं, ती माझ्या शेजारच्या सीटवर पदर खोचून बसायला लागली. छत्री तलावाच्या रस्त्यावर आम्ही सकाळी सकाळी सराव करायचो. "डावीकडून सायकल. कुत्रं. बाई थांबली, चला. वळण आलं, हॉर्न वाजवा. दुसऱ्यात घ्या." गिअरचं मी तिला शिकवलं होतं, थोड्याच दिवसांत ती मला शिकवायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून एवढं नीट काम कधी केलं नव्हतं. मला ते दिवस फार आवडले, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

धम्मचक्र दिनाला नागपूरला जाऊन आलो आणि त्याच्या पुढच्या रविवारी निघायचं ठरवलं. पहाटे डबा बांधला, पाण्याची बाटली घेतली, टायरमधली हवा पाहिली. गाडी फाटकाबाहेर काढली, तर दारात भगवंतराव तोंडात ब्रश घालून उभे.

"कुठी चालले जी?"

"चिखलदऱ्याले," मी म्हणालो. आणि मग म्हणालो, "चालता का?"

आता हे ज्याला कळत नाही त्याला सांगतो. आमच्या वऱ्हाडात दारात उभ्या माणसाला 'चालता का?' विचारल्याशिवाय गाडी काढत नाहीत. ताटावर बसलेला माणूस आल्यागेल्याला 'या जेवायला' म्हणतो, तसंच. आणि समोरच्यानं म्हणायचं असतं, 'नाई जी, तुमी या जाऊन.' हे इतकं पक्कं ठरलेलं आहे की विचारणारा उत्तर ऐकायला थांबतही नाही. मी तर पहिला गिअर टाकला होता.

भगवंतरावांनी तोंडातला फेस थुंकला आणि म्हणाले, "थांबा, सदरा बदलून येतो."

हेडमास्तर माणूस. जन्मभर पोरांना रीतभात शिकवली. माझ्या बाबतीतच विसरले.

वयानं मोठे आणि गुडघे दुखतात, म्हणून ते पुढं बसणार हे उघडच होतं. संध्या उतरली आणि मागं जाऊन बसली. माझ्या बाजूचं पाहणारं माणूस मागं गेलं आणि पुढं आलेलं माणूस मोबाइलवर नातवाचे फोटो पाहत होतं. मी मागं-पुढं पाहत, मान आखडेपर्यंत वळवत, बैलबंडीच्या वेगानं गाडी नेली. वलगाव गेलं, आसेगाव गेलं. "सायकलवाले बी पुढं चालले जी," भगवंतराव म्हणाले. मग इटलीचा विषय निघाला. "इटलीत असं काय हाय जे आपल्या चिखलदऱ्यात नाई? तिथं कचरा नाई, एवढंच." मागून संध्या हळूच म्हणाली, "उजवीकडून ट्रॅक्टर." तेवढ्यावर मी परतवाड्यापर्यंत पोचलो.

परतवाड्याला संध्याची मैनामावशी राहते. तिच्याकडे येताना थांबायचं असं आमचं ठरलं होतं, पण भगवंतरावांना चहा पाहिजे होता आणि चहाहून निकडीचंही काही होतं. मावशीच्या दारात गाडी थांबताच मावशीनं शेगडी पेटवली. चहा झाला, मग ती म्हणाली, जेवल्याशिवाय जाऊ नका. सकाळचे साडेनऊ. पातोडीचा म्हणजे बेसनवड्यांचा रस्सा, वर बोटभर तेल, पोळ्या, भात. नको म्हणायची सोय नाही. आमच्याकडे नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी वाढतात. संध्याचा धाकटा भाऊ नितेश अकोल्याहून कालच मावशीकडे आला होता, संत्री न्यायला. तो अकोल्याला शाळेत मास्तर आहे आणि जगातली कुठलीही गाडी त्यानं चालवून पाहिलेली असते.

हात धुतले, मावशीच्या पाया पडलो आणि उंबऱ्यात उभं राहून माझ्याच तोंडून निघालं, "चालता का मावशी?"

संध्यानं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी लिहून दाखवू शकत नाही. मावशी पदर सावरत म्हणाली, "माय, किती दिवसांचं मनात होतं. इथं राहूनही तिकडं जाणं होत नाई." आणि चपला घालून सगळ्यांच्या आधी दारात.

गल्ली अरुंद होती. नितेश म्हणाला, "चावी द्या भाऊजी, गाडी वळवून ठेवतो." मी चावी दिली. त्यानं एका हातानं गाडी वळवली, हे मला कबूल करावं लागेल. मग काच खाली करून म्हणाला, "बसा." तो उतरला नाही.

"मी चालवतो नं," मी म्हणालो.

"घाट हाय भाऊजी. तुमाले सवय नाई. बसा निवांत, मजा घ्या."

मी जरा जोरात म्हणालो, "नाही, मलाच चालवायची आहे," आणि तिथंच माझं चुकलं, कारण ते मावशीनं ऐकलं. "हे काय? जवाई मान्सानं गाडी हाकाची अन् साळ्यानं बसून राहाचं? शोभते काय? लोक काय म्हणतील आमाले?" ती खरोखर दुखावली होती. तिच्या दारातून जावई स्टिअरिंगवर बसून निघणं म्हणजे तिच्या घराण्याला कमीपणा. संध्या म्हणाली, "अगं मावशी, पण ह्यांच्या मनात—" आणि थांबली, कारण पुढं सांगायचं म्हटलं तर डोळ्याचं सांगावं लागलं असतं, आणि मी मानेनं नाही म्हटलं. जावयाचा मान फार मोठा असतो. त्या मानापुढं जावयाला काय पाहिजे ते कोणी विचारत नाही.

आता मान राखून जावयाला बसवायचं कुठं? पुढं भगवंतराव, त्यांच्या गुडघ्यांसकट. मागं एका खिडकीशी मावशी, कारण तिला गाडी लागते. दुसऱ्या खिडकीशी संध्या, कारण ती आधीच बसली होती आणि दार तिच्या बाजूला अडकत होतं. मग जावईबापू मधोमध, दोन्ही गुडघे हनुवटीशी घेऊन.

असा मी माझ्या घाटात शिरलो.

समोर नितेशचं डोकं आणि भगवंतरावांचं डोकं. त्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीतून डोंगर कधी येत होता, कधी जात होता. बाजूचं म्हणाल तर मला तसंही कमी दिसतं, त्यात बाजूला मावशी. नितेश वळणावर हॉर्न वाजवत नव्हता. फोनवर अकोल्यातल्या कोणाला तरी सांगत होता, "भाऊजीले घुमवून राहिलो." पुढचं दिसत नाही त्या वळणावर हॉर्न वाजवायचा असतो, हे मी सांगितलं तर म्हणाला, "ते पुस्तकात, भाऊजी." ते पुस्तकात नाही, ते माझ्या नकाशावर होतं.

आणि मग ते वळण आलं. मला ते दिसलं नाही, पण शरीराला कळलं. गाडी वळली, बाहेरची कड उचललेली होती, आणि आम्ही कोणी दरीकडे कललो नाही. पाठ सीटला टेकलेली तशीच राहिली. टेबलावर वाकून, पट्टीनं मोजून, खोडून पुन्हा काढलेला तो बाक होता. माझाच होता. मी म्हणालो, "हे वळण मी काढलं."

कोणी ऐकलं नाही, कारण त्याच क्षणाला मावशी म्हणाली, "पिशवी," आणि मी पिशवी धरली. पातोडीचा रस्सा. पिशवी पातळ होती, तिला भोक नव्हतं, हे नशीब म्हणायचं. पुढची सगळी वळणं मी त्या पिशवीकडे पाहत काढली.

वर काय झालं ते सांगण्यासारखं नाही. रबडी खाल्ली. मावशी एकदम बरी झाली आणि तिनं सगळ्यांत जास्त खाल्ली. देवी पॉइंटला भगवंतरावांनी मला दरीकडे पाठ करून उभं केलं आणि फोटो काढला, त्यामुळे दरीही राहिली. नितेशनं स्टिअरिंगवर हात ठेवलेला स्वतःचा फोटो स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, 'डोंगर आपले, रस्ते आपले.' गाडी कोणाची ते लिहिलं नाही. उतरतानाही तोच चालवत होता. मी मधेच होतो.

त्या दिवसापासून भगवंतरावांनी कॉलनीभर माझं कौतुक केलं. लोक घरी येऊन सांगायचे, मस्त फिरवून आणलं म्हणे हेडमास्तरांना, आमचा नंबर कधी? मी हसत होतो. आतून असं वाटायचं की गाडी पेट्रोल ओतून पेटवून द्यावी, आणि तेव्हाही भगवंतराव काडी घेऊन मदतीला आले असते.

संध्याजवळ मी चिडचिड केली. नितेशला बोललो, मावशीला बोललो, तिच्या सगळ्या माहेराला बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमची सीट गेली म्हणून रडून राहिले. माझी बी गेली. पुढं मी बसाचं होतं. एक एक वळण मी सांगणार होती. ते तुमाले आठवलं काय?"

नव्हतं आठवलं.

दिवाळी आली, प्रियदर्शनी आली आणि गेली. तपासणी एका आठवड्यावर आली. एका संध्याकाळी संध्या म्हणाली, "उद्या जाऊ. दोघंच. मावशीच्या गल्लीत शिरायचं नाही, बायपासनं काढा. अन् तुमच्या तोंडातून 'चालता का' निघालं तं मी तिथंच उतरून घरी येईन." मी कबूल झालो. मी तोंडात सुपारी धरून गाडी काढायचं ठरवलं, म्हणजे बोलता येणार नाही.

सकाळी फाटक उघडलं आणि सुपारी घरातच राहिली हे लक्षात आलं. भगवंतराव, ब्रश.

"कुठी चालले जी, इतक्या सकाळी?"

माझी जीभ वळवळली. संध्यानं माझा हात दाबला. आणि जन्मात पहिल्यांदा मी शेजाऱ्याला थाप मारली. आता दवाखान्यात कोणी हौसेनं येत नाही, हा माझा हिशेब. मी म्हणालो, "दवाखान्यात."

भगवंतरावांचा ब्रश तोंडातच राहिला. "दवाखान्यात? कोणाले काय झालं?"

"काही नाही. असंच. डोळे दाखवायचे आहेत."

"अन् एकटे चालले?"

"संध्या आहे नं."

"वहिनी कागद पाहतील की तुमाले धरतील? थांबा."

"नको नको, भगवंतराव. खरंच नको."

ते फाटकाला धरून उभे राहिले. मग जरा हळू म्हणाले, "आमच्या हिले नेलं तवा मी एकटाच होतो. गोळ्या आणाले जाऊ की तिच्याजवळ बसू, समजत नव्हतं. कोणी सोबत नव्हतं, बापा. तुमाले एकट्याले जाऊ देऊ काय?" आणि घराला कुलूप लावून, थर्मासमध्ये चहा भरून, एक उशी काखेत घेऊन ते आले. उशी कशाला, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. संध्या पुढच्या सीटवरून उतरली आणि मागं गेली.

चौकात आलो. डावीकडं परतवाड्याचा रस्ता, उजवीकडं डोळ्यांचा दवाखाना. मी शपथेवर सांगतो, मी डावीकडं इंडिकेटर दिला होता. सांगून टाकावं असं वाटलं, भगवंतराव, मी खोटं बोललो, आम्ही घाटात चाललोय, चालता का? पण ते मांडीवर उशी घेऊन, समोर पाहत, परीक्षेला पोरगं नेतात तसे गंभीर बसले होते. ज्या माणसानं आत्ताच मेलेल्या बायकोची आठवण काढली, त्याला ती थाप होती हे सांगायचं कसं? मी इंडिकेटर बंद केला. मागून संध्या म्हणाली, "उजवीकडं ऑटो आहे. जाऊ द्या त्याला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधीच आलात, बरं झालं. लोक टाळतात." मी टाळत नाही, अशी माझी तिथं कीर्ती झाली. यंत्रापुढं हनुवटी टेकवून बसवलं. आत पांढरी भिंत, तिच्यावर बारीक ठिपके उजळतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाबत होतो. पण प्रत्येक ठिपक्याला ते यंत्र हलकासा आवाज करतं. मला आवाज ऐकू यायचा आणि ठिपका दिसायचा नाही. पुन्हा आवाज, पुन्हा काही नाही. न दिसताच बटण दाबावं असं मनात आलं, पण मी जन्मभर मोजून रेघ मारलेला माणूस. नाही दाबलं.

नंतर डोळ्यांत थेंब टाकले. बाई कागद पाहत म्हणाल्या, "गाडी आजपासून बंद, शेजारी बाजूचं सांगणारं माणूस बसलं तरी. चावी घरच्यांकडे द्या. आज येताना कोणी चालवली?"

भगवंतराव मागं उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "त्या रविवारी मी पुढं बसलो होतो." एवढंच. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आला नाही, याचाच आला.

संध्यानं नितेशला फोन लावला. अकोल्याच्या शाळांचीही कामं अमरावतीच्याच हापिसात होतात, आणि तो त्याच दिवशी पगाराच्या कामासाठी तिथं आला होता. लगेच आला. ताई बोलावते म्हटल्यावर तो हापिसातल्या साहेबालाही थांबवून येतो, माणूस वाईट नाही. त्यानं मला पुढं, डावीकडं बसवलं, काळा चष्मा लावला, पट्टाही त्यानंच बांधला. भगवंतराव आणि संध्या मागं. थेंबांमुळे समोरचंही आता दिसत नव्हतं, नुसता उजेड आणि त्यात हलणारी माणसं.

गाडी उड्डाणपुलावर चढायला लागली. इंजिनचा आवाज बदलला ते मला कळलं. शहरात चढ म्हणावा असा तेवढाच आहे. मागून संध्या म्हणाली, "वळण आलं. हॉर्न वाजव."

"कुठं वळण हाय ताई?" नितेश म्हणाला. "सरळ पूल हाय."

"वाजव म्हणते नं."

"अवो, पण कावून?"

"वाजव नं बापा," भगवंतराव म्हणाले. "बाई सांगून राहिली तं."

नितेशनं हॉर्न वाजवला. मग संध्यानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दुसऱ्यात घ्या."

नितेशनं टॉपमध्येच ठेवली. माझ्या पायाखाली क्लच नव्हता. मी दाबला.